शायेनचा रोडिओ: बायकांचे इव्हेंट बघायला जाणार असाल तर हे आधी वाचा

माझं माहेर मंचरकडचं, त्यामुळे बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी किती सेकंदात गेली यावरून भांडणारे भाऊ बघतच लहानाची मोठी झाले. भाची सध्या कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला शिकते, गेल्या जुलैत तिच्याकडे महिनाभर राहिले तेव्हा ती म्हणाली मावशी तुला इथली शर्यत दाखवते, सेकंदाच्या शंभराव्या भागावरून भांडतात आणि पळवणाऱ्या सगळ्या बाया. मी म्हटलं चल. तर हा त्याचा वृत्तांत, कारण जायच्या आधी मराठीत शोधलं तर काहीच सापडलं नाही आणि जे इंग्रजीत सापडलं ते वाचून डोकं गरगरलं.

शायेन म्हणजे वायोमिंगची राजधानी. फोर्ट कॉलिन्सहून गाडीने पाऊण-एक तास, डेन्व्हरहून दीड-दोन तास, सरळ आय-पंचवीस हायवे पकडायचा. जुलैच्या शेवटी दहा दिवस तिथे फ्रंटियर डेज असतात, त्यात रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या घोड्यांच्या आणि जनावरांच्या खेळांच्या स्पर्धा, १८९७ पासून चालू आहे हा प्रकार, आपल्याकडे गावची जत्रा असते तसंच पण आकार बघून तोंडात बोट. गाव ६ हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर याच्यापेक्षा बुटकं, आणि दिसायला मात्र एकदम सपाट त्यामुळे आपण उंचावर आहोत हे कळतच नाही. कळतं ते दुपारी डोकं दुखायला लागल्यावर. पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका, ऊन थेट भाजतं त्यामुळे टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि दुपारी तीन-चारला आभाळ भरून आलं की हसू नका, त्या भागात गारपीट ठरलेली. आमच्यावर वाटाण्याएवढ्या गारा पडल्या, सगळं स्टँड बाकांखाली, मी डोक्यावर पिशवी धरून उभी आणि समोर घोडे मात्र शांत.

पार्किंगचं आमचं चुकलं. भाचीने मैदानाजवळ लावू म्हणून गाडी घातली, गल्लीबोळात लोकांनी आपापल्या अंगणात पार्किंगचे बोर्ड लावलेत, भाव ऐकून परत फिरलो, त्यात पाऊण तास गेला. गावाबाहेर गाडी लावून बसने जायची सोय असते, पहिल्यापासून तेच करायचं. बॅग केवढी आणि कसली चालते तो नियम आदल्या दिवशी वाचून ठेवा, माझ्या पुढच्या बाईंना गेटवरून परत पाठवलं. तिकीट काढताना स्टँड सावलीत आहे का ते विचारा, दहा डॉलर जास्त गेले तरी द्या.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर भाजलेलं मक्याचं कणीस, बटाटा, फनेल केक म्हणजे पाकात न बुडवलेली जाड जिलबी समजा वरून पिठीसाखर, बास. टर्कीच्या तंगड्या हातात घेऊन लोक फिरत असतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती गाडीत ठेवून मध्येच जाऊन खाल्ली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी गावात फुकट पॅनकेक वाटतात, पीठ चक्क सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये कालवतात. रांग बघून पोटात गोळा आला पण पंगत भराभर हलते, अर्ध्या तासात ताट हातात. जाच.

आता मुद्द्याचं. रोडिओत पुरुषांचे बैलावर बसायचे वगैरे इव्हेंट असतात ते सगळ्यांना माहिती असतात. प्रोफेशनल लेव्हलला बायकांचे मुख्य दोन, बॅरल रेसिंग आणि ब्रेकअवे रोपिंग. बॅरल रेसिंगमध्ये तीन पिंपं त्रिकोणात ठेवलेली, घोडा भरधाव आत येतो, पहिल्याला वळसा, दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याला वळसा आणि सुसाट बाहेर. वरून आकार काढला तर बेलाचं पान, तीन दलं. पूर्ण मापाच्या पॅटर्नमध्ये पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, तिथून तिसरं १०५ फुटांवर, आणि त्या दोघांच्या अलीकडे टायमरची रेष ६० फुटांवर. पिंप पडलं की ५ सेकंद दंड, वळसा चुकला तर टाइमच नाही. पिंपाला हात लावून ते सावरलं तर चालतं, हे मला फार आवडलं. शायेनचं मैदान मोठं त्यामुळे चांगली धाव सतरा सेकंदांच्या आसपास, तीच लास वेगसला डिसेंबरच्या फायनलला बंदिस्त मैदानात साडेतेरा-चौदा, त्यामुळे दोन ठिकाणचे टाइम एकमेकांशी लावून बघू नका, मी तसं करून भाचीकडून ऐकून घेतलं.

ब्रेकअवे अजून झटपट. वासरू सुटतं, त्याला थोडी आघाडी देतात, मागून बाई घोड्यावर, फास टाकायचा, दोरीचं दुसरं टोक खोगिराच्या मुठीला बारीक सुतळीने बांधलेलं आणि टोकाला फडकं, वासरू पुढे गेलं की सुतळी तुटते, फडकं उडतं आणि तिथे घड्याळ थांबतं. वासराला आघाडी मिळायच्या आधीच घोडा सुटला तर १० सेकंद दंड म्हणजे खेळ खलास. पापणी लवली की संपलं, पहिले चार तर मी बघितलेच नाहीत, पाण्याची बाटली उघडत होते.

भाचीच्या वर्गातली एक मुलगी आमच्यासोबत होती, ती स्वतः परमिटवर बॅरल पळवते. तिने जे समजावलं त्याने खरी मजा आली, नाहीतर नुसते घोडे पळताना दिसतात. या बायकांची संघटना म्हणजे विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन, डब्ल्यूपीआरए. त्यात गेलं, फॉर्म भरला आणि मेंबर झालं असं नसतं. आधी परमिट घ्यायचं. परमिटवर संघटनेने मान्य केलेल्या रोडिओंत उतरायचं आणि ठरलेली रक्कम बक्षिसातून जिंकायची, त्याला परमिट भरणं म्हणतात, हंडा भरतात तसं थेंब थेंब. भरलं की मग मेंबरशिपचं कार्ड विकत घेता येतं, कार्डाचं पहिलं वर्ष ते रुकी म्हणजे नवखीचं वर्ष, आणि रुकीचा किताब आयुष्यात एकदाच लढवता येतो म्हणून काही जणी परमिट भरूनही कार्ड लगेच घेत नाहीत, चांगला घोडा हाताशी येईपर्यंत थांबतात. वर्ल्ड टायटलची शर्यत कार्डवाल्यांची. मोठ्या रोडिओत जागा कमी आणि नावं जास्त, त्यामुळे कार्डवाल्या आधी, परमिटवाल्या मागे. म्हणून ही पोरगी शायेनला आमच्याशेजारी बसून कणीस खात होती.

वयाचं म्हणाल तर चारमेन जेम्स १९८४ ला बॅरल रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा १४ वर्षांची होती. मग सलग १० वर्षं तीच, १९९३ पर्यंत, आणि २००२ ला परत येऊन अकरावा किताब. तिचा घोडा स्कँपर, १९८५ च्या फायनलला एका धावेत त्याचा लगामच तुटला, तोंडातून निघून लोंबकळत राहिला, तरी त्याने तिन्ही वळसे बरोबर घेतले आणि ती फेरी जिंकली. हे सांगताना त्या पोरीच्या अंगावर काटा आलेला मी बघितला, आणि ती तर तेव्हा जन्मलीही नव्हती. आमच्याकडे पण गावातले म्हातारे तीस वर्षांपूर्वीच्या बैलाचं नाव काढून रडतात, तेच.

सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. वर्षभरात जिने जास्त डॉलर जिंकले ती वर, गुण वगैरे काही नाही, पैसा हाच गुण. वरच्या १५ जणी डिसेंबरमध्ये लास वेगसला नॅशनल फायनल्सला जातात, १० दिवस १० फेऱ्या, आणि तिथल्या एका फेरीचं पहिलं बक्षीसच आता ३० हजार डॉलरच्या वर, त्यामुळे सप्टेंबरला पंधराव्या नंबरवर असलेली डिसेंबरला कुठेही पोचू शकते. पैसे बाईच्या नावावर जमा होतात, घोड्याच्या नाही, मध्येच घोडा बदलला तरी चालतं. हे कळलं की जुलैचं महत्त्व कळतं. चार जुलैच्या आसपास इतके रोडिओ असतात की त्या आठवड्याला काऊबॉय ख्रिसमस म्हणतात, बाया रात्रभर ट्रक चालवत एका गावातून दुसऱ्या गावात, आणि शायेन त्याच्या पाठोपाठ येतं. काही जणी वर्षाला ऐंशी-नव्वद रोडिओ करतात. २०२४ ची चॅम्पियन कॅसी माऊरी मात्र मोजकेच रोडिओ करून वर आली, म्हणजे दोन्ही रस्ते आहेत, पण दुसऱ्या रस्त्याला तसा घोडा लागतो. त्याआधी २०२३ ला ब्रिटनी पोझी टोनोझी तिसऱ्यांदा जिंकली, आणि हेली किन्सेलच्या नावावर चार किताब आहेत. बघायला जायच्या आधी स्टँडिंगचा म्हणजे कमाईच्या क्रमवारीचा तक्ता फोनवर उघडून ठेवा, कोण नववी आणि कोण सोळावी ते बघा, मग सोळावीची धाव बघताना हाताला घाम येतो.

आणि एक गोष्ट मला तिथे बसून खटकली. वायोमिंगने १८६९ मध्ये बायकांना मताचा हक्क दिला, अख्ख्या अमेरिकेच्या पन्नास वर्षं आधी, राज्याचं ब्रीदच समान हक्क. पूर्वी बाया रोडिओत उसळणाऱ्या घोड्यावर बसायच्या. १९२९ मध्ये ओरेगनच्या पेंडल्टनला बॉनी मॅकॅरल घोड्याखाली सापडून गेली आणि त्यानंतर तिथे बायकांचा तो प्रकार बंद झाला, बाकी ठिकाणीही हळूहळू बाया फक्त शोभेला उरल्या. म्हणून १९४८ मध्ये टेक्ससच्या सॅन अँजेलोला ३८ जणी एका हॉटेलात जमल्या आणि स्वतःची संघटना काढली, तेव्हाचं नाव गर्ल्स रोडिओ असोसिएशन. नियम लिहिलेले हवेत, पंच सरळ हवा, बक्षीस ठरलेलं हवं, एवढंच मागणं. आज परमिटच्या आणि ड्रेसच्या नियमांना पोरी नावं ठेवतात, पूर्ण बाह्या, हॅट किंवा हेल्मेट, बूट, पण ते नियम बायांनीच लिहिलेत. ब्रेकअवेची नॅशनल फायनल तर २०२० ला पहिल्यांदा झाली, आणि अजून वेगळीच भरते, मुख्य मैदानात नाही. आमची बॅरलवाली पोरगी म्हणाली हळूहळू होईल. मी म्हटलं आमच्या बैलगाड्याचं कोर्टातून सुटायला किती वर्षं गेली बघ.

आता आतली टीप. दुपारच्या मुख्य शोला थोड्याच जणी दिसतात, बाकीच्या सकाळी स्लॅकमध्ये पळतात. स्लॅक म्हणजे उरलेल्यांची फेरी, ना बँड ना फटाके, एका मागोमाग एक. आम्ही गेलो त्या सकाळी तिकीट नव्हतं, स्टँड रिकामं, एकदम कठड्याशी बसलो आणि सगळं ऐकू येत होतं, घोड्याचा श्वास, लगामाची कडी, आत येताना बाईने घोड्याला काय म्हटलं ते पण. ठरावीक धावा झाल्या की ट्रॅक्टर येऊन माती उकरून सारखी करतो, आणि ट्रॅक्टरनंतर लगेच नंबर लागला तर नशीब, शेवटी लागला तर पिंपाभोवती खड्डा पडलेला असतो. त्यामुळे कोण कितव्या नंबरवर पळाली ते लिहून ठेवा, नुसत्या टाइमवरून कोण भारी ते ठरवू नका. फुकट टूर पण असते मैदानामागची, गेटं आणि जनावरांचे पिंजरे दाखवतात, ती सोडू नका.

आणि शायेन बघून झालं की जवळच्या एखाद्या छोट्या गावचा रोडिओ पण बघाच. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पोरीच्या धावेला कोलोरॅडोतल्या एका गावात गेलो. लाकडी बाकं, मच्छर, तिकीट जेवणापेक्षा स्वस्त. ट्रेलरपाशी ती घोडीच्या पायांना पट्ट्या बांधत होती, घरून पाण्याची टाकी आणलेली कारण घोडी परक्या गावचं पाणी पीत नाही, माझ्या सासूबाईंसारखी. मग चढून बसली आणि खिशातून दोन जाड रबरबँड काढले, बूट आणि रिकीब एकत्र आवळले, पाय सुटू नये म्हणून. लाखांचा घोडा, हजारांचं खोगीर आणि शेवटी सगळं चार आण्याच्या रबरावर.

पहिलं पिंप मस्त. दुसरं त्याहून मस्त. तिसऱ्याला गुडघा लागला, पिंप डुललं, तिने हात मागे टाकला पण पोचला नाही, ती रेषेकडे निघाली आणि पिंप अजून डुलतंच होतं, आम्ही तिघं-चौघं उभे राहून राहा राहा ओरडतोय, मराठीत, आणि ते पडलं. ५ सेकंद. ते ५ सेकंद नसते तर पैशात आली असती, परमिटात थेंब पडला असता.

मागे गेलो तेव्हा ती घोडीचा तिसऱ्या पिंपाकडचा पाय चाचपत होती, स्वतःचा गुडघा टम्म सुजलेला तो बघतच नव्हती. भाचीने विचारलं आता काय. म्हणाली, शनिवारी अजून एक आहे, एन्ट्री बुधवारीच भरलीये. मग मला विचारलं की ती शेंगदाण्याची चटणी उरलीये का.