राणीचा सोळावा आठवडा: लसीची आणि वजनाची नोंद

माझे कुत्र्याचे पिल्लू राणी आज बरोबर सोळा आठवड्यांचे झाले आणि सकाळी तिला एकत्रित लसीचा तिसरा डोस मिळाला. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंमुळे कुत्र्यांना होणाऱ्या आजारांवरची ही लस आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात द्यायची, बाराव्याला सोबत रेबीजची द्यायची, असे पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत कार्डावर लिहून दिले होते. आठव्या आठवड्यातले ३.२ किलो वजन आज ८.१ किलो भरले.

या तिसऱ्या डोसाविषयी सविस्तर लिहितो, कारण आधीच्या पिल्लाच्या वेळी मी दोन डोसांवर थांबलो होतो. ते धडधाकट दिसत होते, म्हणून पुढची तारीख मी लांबवत गेलो आणि पंधराव्या आठवड्यात त्याला पार्व्होने गाठले. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, चार दिवस सलाईन. ते वाचले नाही. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, त्याचे रक्षण करतात, पण तीच लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. कुणात आठव्या आठवड्यातच, तर कुणात पार सोळाव्याच्या आसपास. म्हणून आधीचा एखादा डोस वाया गेला असला तरी सोळाव्या आठवड्यातला किंवा त्यानंतरचा डोस लागू पडण्याची शक्यता सर्वाधिक असते. किती डोस झाले यापेक्षा शेवटचा डोस कोणत्या वयात झाला, हे मी आता आधी पाहतो.

मधल्या काळात राणीला बाहेरच्या जमिनीवर उतरवले नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. तरीही याच वयात तिला माणसांची, वाहनांची, आवाजांची सवय व्हायला हवी होती, म्हणून रोज तिला कडेवर घेऊन फिरवले. सुरुवातीला हॉर्न वाजला की ती माझ्या काखेत तोंड खुपसायची, आता नुसते कान टवकारते.

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि आठव्यानंतर दरमहा चालू आहे. सहा महिन्यांपर्यंत ते थांबवायचे नाही. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, त्यामुळे घर कितीही स्वच्छ असले तरी हे औषध टळत नाही, शिवाय हे जंत माणसांना, विशेषतः लहान मुलांना, बाधू शकतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक वेळी आधी वजन करतो: राणीला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे.

लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबलो. तोंडावर सूज, अंगावर गांधी, सारख्या उलट्या किंवा धाप यांपैकी काही दिसले तर ताबडतोब उपचार लागतात. तसे काही झाले नाही. दुपारी ती सुस्त होती, तापमान ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे कुत्र्यासाठी अगदी नेहमीचे. टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती रोज चाचपून पाहणार आहे.

संध्याकाळी तिच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढा दुधाचा दात सापडला. अठ्ठावीस दुधाच्या दातांपैकी पुढचा पहिला पडला आहे आणि हिरडीत नव्याचे पांढरे टोक दिसते. पुढचा बूस्टर सव्विसाव्या आठवड्यात आहे. ती तारीख कार्डावर आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दोन्हीकडे लिहिली आहे.