तुम्ही विचारलंत म्हणून: राज्यघटना असताना वेगळा कायदा कशाला?

मी कायदा शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1868 सालच्या चौदाव्या दुरुस्तीने समान संरक्षण आलं. मग वर्णावरून नोकरी नाकारली म्हणून दाद मागायला 1964चा नागरी हक्क कायदा कशाला हवा?

पूर्वी मी एका वाक्यात सुटका करून घ्यायचो: घटना सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. चूक नाही, पण अर्धंच उत्तर. हल्ली दोन खटले सांगतो.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घ्यायचे. तिथला सर्वांत मोठा पगारही बाकीच्या विभागांतल्या सर्वांत लहान पगाराहून कमी. 1964च्या त्या कायद्यातला नोकऱ्यांबाबतचा भाग लागू झाला 2 जुलै 1965ला, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांत नव्याने लागणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या आणल्या. ही तारीख फळ्यावर लिहून मी नुसता उभा राहतो. वर्गात कुणीतरी हसतंच.

गंमत म्हणजे अपील न्यायालयाला यात भेदभावाचा हेतू दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1971मध्ये त्या वादात न शिरता म्हटलं, हेतू चांगला असेना का, अटीमुळे कृष्णवर्णीय गाळले जात असतील तर त्या अटीचा कामाशी संबंध कंपनीनेच दाखवावा. या चाचण्या न दिलेले जुने गोरे कामगार तेच काम नीट करत होते, म्हणजे संबंध दाखवणार कुठून? निकालपत्रात सरन्यायाधीश बर्गर यांनी चक्क आपल्या ओळखीची कोल्हा-करकोच्याची गोष्ट आणली आहे: दूध दोघांपुढे ठेवलं, पण भांडं कुणाच्या तोंडाचं?

दुसरा खटला वॉशिंग्टनच्या पोलीस भरतीचा. भाषेच्या लेखी परीक्षेत कृष्णवर्णीय उमेदवार गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नापास होत. दावा 1970चा, आणि तेव्हा हा कायदा सरकारी नोकरीला लागू नव्हता. उरली फक्त घटना. 1976चा निकाल असा, की घटनेखाली नुसता परिणाम पुरत नाही, हेतू सिद्ध करा.

म्हणजे श्रेष्ठ म्हणवणारी घटना साध्या कायद्यापेक्षा कमी देते. न्यायालयाला भीती होती की परिणामच धरला तर करांपासून परवान्यांपर्यंत गरिबाला जास्त जाचणारा प्रत्येक नियम संशयात येईल. भीती खोटी नाही. पण हेतू फायलीत लिहून ठेवतो कोण?

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, 1972मध्ये कायदा सरकारी नोकरीलाही लागू झाला. ते उमेदवार तेवढं थांबले असते तर? तरी जड गेलं असतं, कारण परीक्षेचे गुण आणि पोलीस प्रशिक्षण यांचा संबंध न्यायालयाला पटला होता. पण निदान तो दाखवायचं ओझं पोलीस खात्यावर पडलं असतं.