लाल स्विफ्ट डीबॅजिंग अपडेट: अक्षरं निघाली, सावली उरली

तर मंडळी, डिकीच्या दारावरचं डीबॅजिंग, म्हणजे गाडीवर चिकटवलेली नावाची अक्षरं (बॅज) काढायचं काम, झालं एकदाचं. स्विफ्ट, व्हीडीआय (मॉडेलचा प्रकार), डीडीआयएस (डिझेल इंजिनची खूण) आणि डीलरने न विचारता चिकटवलेली स्वतःच्या नावाची क्रोम पट्टी, सगळं साफ. खरं तर डोक्यात खूळ शिरलं ते त्या पट्टीमुळेच, हप्ते आपण भरायचे आणि शोरूमची जाहिरात फुकटात गावभर फिरवायची, हे काय पटेना. मधला एस (सुझुकीचा लोगो) मात्र ठेवलाय, त्याचं नंतर सांगतो.

आधी गाडी शाम्पूने धुतली आणि अक्षरांच्या फटीतली माती जुन्या टूथब्रशने काढली. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, नाहीतर तीच माती दोऱ्याखाली येऊन पेंटवर घासते. गाडी सावलीत लावली आणि मग हेअर ड्रायर (घरातून रीतसर परवानगी काढून). हीट गन कितीही हाताशी असली तरी नको, ती ४००-५०० डिग्रीपर्यंत सहज जाते आणि पेंटला फोड यायला वेळ लागत नाही. ड्रायर वीतभर लांबून हलवत ठेवायचा, एका जागी रोखून धरायचा नाही, पत्र्याला हात लावला तर गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपत बास. आपल्याला फक्त मागचा फोमचा टेप मऊ करायचाय.

आता दोरा. व्हिडिओत सगळे डेंटल फ्लॉस दाखवतात, पण जुन्या कडक झालेल्या टेपवर तो लगेच तुटतो. मासे पकडायची जाडसर तंगूस घ्या, स्वस्त आणि दणकट. दोन्ही टोकं पेन्सिलच्या तुकड्यांना गुंडाळायची, बोटांना गुंडाळली तर कापतात. मग दोरा पत्र्याला समांतर धरून करवतीसारखा मागेपुढे. पहिल्यांदा वाटतं काहीच होत नाहीये, मग फोम चिरायला लागला की बारीक किरकिर आवाज येतो, आणि व्हीच्या खालच्या टोकापर्यंत दोरा पोचला की अक्षर एकदम एका बाजूने लोंबायला लागतं. तिथे हाताने ओढायचा मोह होतो, ओढू नका, परत ड्रायर आणि परत दोरा. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, स्टीलची पट्टी यातलं काहीही पेंटजवळ आणायचं नाही, प्लीज.

सगळ्यात चिवट निघाली ती अर्थातच डीलरची पट्टी. कंपनीने लावलेली अक्षरं निमूट निघाली आणि हिच्या मागे टेप इतका ठासून लावलेला की गाडीचं दार निखळेल पण ही नाही.

पत्र्यावर उरलेला फोम गरम असतानाच अंगठ्याने घोळत काढला, गोळ्या होऊन निघतो. खालच्या गोंदावर डब्ल्यूडी ४० (तेलकट स्प्रे) मारून पाच-दहा मिनिटं सोडून दिलं आणि मायक्रोफायबरने पुसलं, मग शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे तेलकटपणा जातो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लांबच ठेवा, विशेषतः डिकी कधी बाहेरून रंगवून घेतली असेल तर, कारण गॅरेजचा रंग कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका टिकाऊ असेलच असं नाही.

आणि आता खरी गंमत, अक्षरं गेली तरी व्हीडीआय वाचता येतंय! संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की तर स्पष्टच. गाडी लाल आहे ना, लाल रंग उन्हाने उतरतो, आणि अक्षरांखालचा भाग इतकी वर्षं झाकलेला असल्यामुळे ताजा राहिलाय. पांढऱ्या गाडीवाल्यांना हा त्रास जवळजवळ नाही. कडेची काळपट रेघ ही नुसती साचलेली घाण आणि वॅक्स होतं, क्ले बारने (पेंटवरची घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी) गेलं. उरलेल्यावर हाताने कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) मारतोय, पण फक्त अक्षरांवर नाही, दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात, नाहीतर तेवढाच चौकोन चकाकत राहतो. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ, त्यामुळे सावली अगदी शंभर टक्के घालवायचा हट्ट मी सोडलाय. आत्ता पाच फुटांवरून दिसत नाही, मला तेवढं चालतं. वर वॅक्सचा हात मारला.

एस का ठेवला? बऱ्याच गाड्यांत अशा मोठ्या लोगोला मागे पिना असतात आणि काढला की पत्र्यात भोकं उघडी पडतात, मग ती भरा, रंगवा, पाणी आत गेलं तर गंज. आतलं ट्रिम उघडून नीट बघितल्याशिवाय हात लावणार नाही. शिवाय बाबांचं म्हणणं, 'निदान कंपनी तरी कळू दे लोकांना.' मागच्या काचेवरचा गणपतीही अर्थातच जागेवर आहे.

एक प्रॅक्टिकल गोष्ट राहिली. डीडीआयएस गेल्यामुळे पंपावरच्या पोराला गाडी डिझेल आहे हे मागून कळत नाही. समोरच्या काचेवर केशरी स्टिकर आहे (डिझेलला केशरी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा), पण पंपावर तो कोण बघतंय, म्हणून टाकीच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात डिझेल लिहून चिकटवलंय. तुमची डिझेल असेल तर हे बॅज काढायच्या आधीच करून टाका.

काढलेली अक्षरं डब्यात नीट ठेवलीत, उद्या गाडी विकताना कोणी मागितली तर नवा टेप लावून परत बसतील. पुढच्या ग्रिलचा लोगो फॉगलॅम्पच्या कामासाठी बंपर उतरवेन तेव्हाच बघू, कोणी या मॉडेलचा आतून काढला असेल तर क्लिपा कुठल्या बाजूने दाबायच्या तेवढं सांगा.