ट्रेलर घरी आणायचा होता, एवढंच

पिंपरीत सहा वर्षं आणि इथे डेट्रॉइटच्या परिसरात चौदा, एवढी नोकरी मी मोटारगाड्यांच्या कारखानदारीतच केली. त्यामुळे जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेऊन तो गाडीला जोडून घरी आणणं हे मला शनिवारचं एक काम वाटलं होतं. सकाळी जायचं, पैसे द्यायचे, जोडायचा, निघायचं. माझं काम सीटच्या यंत्रणेचं आहे, ओढण्या-बिढण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

२०२४च्या ऑक्टोबरची गोष्ट. आम्ही राहतो नोव्हायला, आणि ट्रेलर होता मिशिगनच्या उत्तरेला, कॅडिलॅक गावाजवळ. (हो, त्या आलिशान मोटारीचंच नाव, कॅडिलॅक. आमच्या कंपूत त्यावरून व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेलेत.) अंतर सुमारे १८५ मैल, म्हणजे तीनशे किलोमीटर. २०१६चं मॉडेल, चोवीस फुटी, दोन आसांचा, आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम. किंमत साडेअकरा हजार डॉलर. थंडी तोंडावर आली की विकणाऱ्याला घाई असते, म्हणून ऑक्टोबर.

विकणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे, निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर. इकडे स्कूल बस काढण्याआधी रोज गाडीभोवती फिरून एकेक गोष्ट तपासावी लागते, आणि ती सवय त्यांच्या हाडात मुरलेली. ट्रेलर आम्हाला आवडला. कोपरे, खिडक्यांखालची भिंत, पलंगाखालचा प्लायवूड, सगळीकडे दाबून पाहिलं. भिंत कुठे मऊ लागली तर पाणी मुरलंय समजायचं आणि चालू पडायचं. इथे सगळं टणक होतं. मग आजोबा म्हणाले, "तुझा बॉल दाखव."

ट्रकच्या, म्हणजे आमच्या पिकअपच्या, मागे जो लोखंडी गोळा असतो तो बॉल, आणि ट्रेलरच्या नाकावरची वाटी म्हणजे कपलर. माझा बॉल दोन इंचांचा. त्यांचा कपलर दोन पूर्णांक पाच षोडशांश इंचांचा. फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा. वाटी माझ्या बॉलवर बसलीसुद्धा, खटका पडलाही. "झालं की," मी म्हणालो. त्यांनी काही न बोलता ट्रेलरच्या पुढचा जॅक फिरवायला घेतला. नीट बसलेला कपलर वर जाताना ट्रकचं बूड सोबत उचलतो. इथे ट्रक जागच्या जागी राहिला आणि कपलर खटक्यासकट बॉलवरून अलगद निघून वर आला. हेच रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात झालं असतं. माझी बायको माझ्याकडे बघत होती, मी बॉलकडे.

त्यानंतर आजोबांनी टायर दाखवले. नक्षी नव्यासारखी. पण टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे होते: २२१५. म्हणजे २०१५ सालातल्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने उभाच असतो, त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र उन्हाने आणि वयाने मरतं. बोटाने दाबल्यावर बाजूला केसासारख्या चिरा उघडल्या. आपण गाडीचे टायर नक्षीवरून जोखतो, ट्रेलरचे तारखेवरून जोखायचे. ते स्वतः गेल्या दोन वर्षांत तो पाच मैलांपलीकडे घेऊन गेले नव्हते, हे त्यांनीच सांगितलं. आणि मागचा डावा दिवा लागत नव्हता.

पाचशे डॉलर विसार देऊन आम्ही हात हलवत परतलो. मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, त्यांनी मुद्दाम सही केली नाही. कारण मिशिगनमध्ये नंबरची पाटी विकणाऱ्याकडेच राहते. सही केलेलं, तारीख घातलेलं टायटल आणि विम्याचा पुरावा जवळ असेल तर खरेदीपासून तीन दिवसांत बिनपाटीची गाडी सरळ रस्त्याने घरी नेता येते. ते तीन दिवस फुकट का घालवायचे?

येताना तासभर आम्ही दोघंही गप्प होतो. मग मी गावी काकांना फोन लावला. सांगली जिल्ह्यात आमचा ऊस आहे. काकांनी आधी बैलगाडीने आणि मग ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून तो कारखान्यावर घातलाय. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी उलाळ तर नाही ना रे?"

उलाळ. हा शब्द मी पंधरा-वीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या खांद्यावरून सुटू पाहतं, तिला उलाळ गाडी म्हणतात. "बैलाच्या मानंवर थोडा भार पाहिजेच," काका म्हणाले, "नाहीतर गाडी त्याचं ऐकत नाही. पण लई दिलास तर बैल बसतोय."

इकडची शंभर पानांची मॅन्युअलं वाचून मला पुढच्या आठवड्यात जे कळलं ते नेमकं हेच. कपलरवर येणाऱ्या भाराला टंग वेट म्हणतात, आणि तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा डोलायला लागलेला ट्रेलर ट्रकलाही डोलवतो. जास्त झाला तर ट्रकचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग नि ब्रेकचा बराचसा जोर तर तिथेच असतो.

दुसरी आकडेमोड बायकोने केली. आमचा ट्रक, फोर्डचा एफ-१५०, नऊ हजार पौंडांहून जास्त ओढतो, हे विक्रेत्याने सांगितलेलं मी दोन वर्षं छाती फुगवून सांगत होतो. तिने ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं पिवळं लेबल वाचलं: माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांच्या वर नको. आता टंग वेट हेसुद्धा ट्रकच्याच पाठीवरचं ओझं. सामान भरलेल्या ट्रेलरचा तो भार ७०० पौंड धरला, जोडणीचं लोखंड ९०, आम्ही चौघं ५४०. झाले १,३३०. उरले दीडशे. त्यात सायकली, शीतपेटी आणि सासूबाई आल्या तर त्या. नऊ हजारांचा आकडा खोटा नव्हता, पण आमच्या कामाचा आकडा दारावर चिकटवलेला होता.

त्या आठवड्यात बरोबर मापाचा बॉल आला. भार वाटून देणारा हिच, म्हणजे जोडणीचं लोखंड, आणला. त्याला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या दांड्या असतात. त्या ताणून अडकवल्या की मागच्या आसावर पडलेला भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर सरकतो. आरशांना जोड-आरसे घेतले, कारण ट्रेलर आठ फूट रुंद आणि ट्रक त्याहून बराच अरुंद. विमा कंपनीला फोन केल्यावर कळलं की जोडलेला असताना ट्रेलरने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ट्रकची पॉलिसी भरून देईल, ट्रेलरचं स्वतःचं काही झालं तर नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घेतली. आणि एका संध्याकाळी ट्रक-स्टॉपवर जाऊन, टाकी भरून, हिच लावून, आम्ही दोघं आत बसून ट्रकचं वजन केलं: ५,२४० पौंड.

शुक्रवारी रात्रीच कॅडिलॅकला पोचलो. शनिवारी सकाळी चाकं दोन-दोन करून काढली आणि गावातल्या दुकानात नेऊन नवे टायर चढवले. या टायरांवर मापाआधी एसटी लिहिलेलं असतं. अर्थ 'स्पेशल ट्रेलर', पण मराठी माणसाला दुसरंच काही आठवतं आणि उगाच भरवसा वाटतो. जुने टायर पन्नास पीएसआय हवेच्या दाबाचे, प्रत्येकी १,७६० पौंड पेलणारे होते. त्याच मापात एक पायरी वरचे घेतले: पासष्ट पीएसआय, २,०४० पौंड. चाकाची रिमही तेवढं सोसते ना, हे दुकानदाराने रिमवरचा आकडा वाचून पाहिलं. नट टॉर्क रेंचने, म्हणजे नेमका जोर दाखवणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे घेत आवळले. आजोबांनी बजावलं, पन्नास मैलांवर थांबून पुन्हा आवळ.

दिव्याचं दुखणं उंदरांनी केलेलं निघालं. मागच्या कपाटाखाली इन्सुलेशन कुरतडून त्यांनी सुरेख घरटं बांधलं होतं आणि वायर त्याच्या मधोमध. तुटलेली वायर जोडली तरी दिवा मिणमिणताच. अखेर चेसिसवरचा अर्थिंगचा स्क्रू काढून गंज घासला, तेव्हा कुठे नीट पेटला. या एका दिव्यात सव्वा तास गेला, आणि त्या सव्वा तासात मला पुण्याच्या आमच्या जुन्या बजाजवाल्या मिस्त्रीची फार आठवण आली. तो पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, "साहेब, अर्थ बघा."

मग जोडणी. या वेळी जॅकने उचलल्यावर ट्रकचं बूड कपलरसोबत वर आलं. खटक्यात पिन घातली. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. कपलर सुटलाच तर नाक जमिनीत न रुतता त्या झोळीत पडतं. सात पिनांची वायर जोडल्यावर डॅशबोर्डवर ट्रेलर दिसला. एक बारीक तार उरते. ट्रेलर निसटला तर ती तार खटका ओढते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ही तार साखळीला नाही, ट्रकच्या अंगाला अडकवायची. आम्ही खटका ओढून पाहिला. काहीच झालं नाही. आजोबा शांतपणे गॅरेजमध्ये गेले आणि हिवाळ्यासाठी काढून ठेवलेली बॅटरी घेऊन आले. ती बसवल्यावर चाकांतून घूं असा आवाज आला आणि ट्रेलर जागचा हलेना.

पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मी तीनदा मोजली. ट्रेलर नसताना साडेसदतीस इंच. नाक टेकल्यावर साडेअडतीस. दांड्या ताणल्यावर अडतीसच्या किंचित खाली. निम्म्याहून जास्त उंची परत आली, तेवढं पुरे.

बँकेचा चेक दिला. टायटलवर कर्जाचा बोजा नाही आणि क्रमांक चेसिसशी जुळतो, हे पाहून सह्या झाल्या. गॅसच्या टाक्या बंद, छतावरच्या खिडक्या बंद, टीव्हीचा अँटेना खाली, पायऱ्या आत, टेकू वर, फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी. पाण्याच्या टाक्या त्यांनी आधीच रिकाम्या करून नळ्यांत न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ सोडलं होतं. निघायच्या आधी मोकळ्या मैदानात ताशी वीस-पंचवीस मैलांवर ट्रेलरच्या ब्रेकची कळ हाताने दाबून पाहिली. चाकं जाम होईपर्यंत जोर वाढवायचा, मग एक पायरी कमी करायचा. काका फोनवर होतेच. "वंगणाचं काय?" त्यांनी विचारलं.

वंगणाचं मी काहीच केलं नव्हतं. टायर बदलले, दिवे लावले, आणि बेअरिंग तसंच राहिलं. आजोबांनाही शेवटचं ग्रीस कधी भरलं ते सांगता येईना. चाक उचलून हलवून पाहिलं, ढिलं नव्हतं, फिरवल्यावर खरखर नव्हती. तेवढ्यावर निघायचं ठरवलं. वेग पंचावन्न, आणि प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्याचं तापमान बघायचं.

एम-११५ या हमरस्त्याने क्लेअर गावापर्यंतचा रस्ता जंगलातला. पानं पिवळी-तांबडी झालेली, हरणं रस्त्यात येण्याचे दिवस, आणि मी मात्र फक्त आरशात. क्लेअरच्या पुढे पहिला अठराचाकी ट्रक बाजूने गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने आधी ट्रेलरला ढकललं, मग ओढलं. अशा वेळी पाय ब्रेककडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. डोलायला लागलाच तर फक्त ट्रेलरच्या ब्रेकची कळ हलकेच दाबायची. तशी वेळ आली नाही. पन्नास मैलांवर नट पुन्हा आवळले. दोन नट खरंच पाव फेरा फिरले.

वाटेत ट्रक-स्टॉपवर टाकी पुन्हा भरून वजन केलं. ट्रकचे दोन आस मिळून ५,९००, ट्रेलरचे ४,५६०. ट्रकच्या पाठीवर ६६० पौंड वाढले, म्हणजे ट्रेलर एकूण ५,२२० पौंडांचा आणि भार साडेबारा टक्क्यांच्या जरासा वर. दांड्यांनी थोडा मागे ढकललेला धरला तर आणखी थोडा. गाडी उलाळ नव्हती. कंपनीच्या पत्रकात याच ट्रेलरचं रिकामं वजन ४,७०० छापलंय, पण त्यात बॅटरी नाही, गॅस नाही, आणि आजोबांनी प्रेमाने ठेवलेल्या बिडाच्या दोन कढया तर नाहीतच.

उजवं मागचं चाक मात्र बाकी तिघांपेक्षा सतत जास्त तापत होतं. नंतर उघडलं तेव्हा ग्रीस काळं पडलं होतं आणि ब्रेकची पट्टी घासत होती. त्या दिवशी आम्ही पन्नासवर आलो आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत राहिलो.

आमच्या सोसायटीत ट्रेलर दारात ठेवू देत नाहीत, म्हणून जागा भाड्याने घेतली होती. तिथे तो उलटा घालायला मला पंचवीस मिनिटं लागली. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, तो जिकडे न्याल तिकडे ट्रेलरचं बूड जातं. वाचायला सोपं आहे. बायको मागे उभी राहून फोनवर "तुझं डावं की माझं डावं" विचारत होती. काका दोन ट्रॉल्या उलट्या घालतात हे मला अजूनही खरं वाटत नाही.

पाटी आणि टायटलसाठी मंगळवारी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'मध्ये गेलो. मिशिगनमध्ये आरटीओला हेच भारदस्त नाव आहे. सहा टक्के कर ६९० डॉलर, आणि ट्रेलरची पाटी २०० डॉलर, तीही कायमची.

पण शनिवारचं राहिलं. सात वाजत आले होते. गावाकडे पहाटेचे साडेचार, काका धारा काढायला उठलेले. मी कपलर सोडायला वाकलो तेवढ्यात त्यांचा फोन. "पोचलास?" पोचलो. "सोडायच्या आधी चाकाला दगड लावलास का?"

मी खटक्यावरचा हात काढला, ट्रकमधून पिवळ्या रबरी पाचरी आणल्या आणि चाकांखाली ठोकल्या. मग सांगितलं, "लावला, काका."