जंगलातला गडगा

पहिल्यांदा तो गडगा दिसला तेव्हा मला वाटलं, झालं, शिरलो आपण कोणाच्यातरी प्रायव्हेट जागेत. आजूबाजूला नुसती झाडं, घर नाही शेत नाही, आणि मधूनच कमरेएवढी दगडांची भिंत सरळ रेषेत निघालीये ती थेट दलदलीत जाऊन बुडालीये. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. इथे कोणी कशाला बांधली असेल?

मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या गावात येऊन आम्हाला सहा वर्षं झाली आणि त्यातली पाच आम्ही प्रत्येक लाँग वीकेंडला न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात पळण्यात घालवली, म्हणजे तासनतास ड्रायव्हिंग, पोचलो की पार्किंग फुल, मग नवऱ्याची आणि माझी ठरलेली चिडचिड. आणि घरापासून सात मिनिटांवर एक लाकडी पाटी होती, कॉन्झर्वेशन लँड, म्हणजे संवर्धनासाठी राखलेली जमीन, पुढे जेमतेम दोन गाड्या लागतील एवढी जागा. मला कायम वाटायचं आत जायला मनाई असणार. नावच तसं आहे ना! शेवटी टाउनच्या ऑफिसमधून नकाशा आणला, चौदा ट्रेल निघाले. तो फ्रिजवर लावला आणि ठरवलं, सगळे करायचे, झाला की हायलायटर मारायचा.

तर तो गडगा. साधारण दोनशे वर्षांपूर्वी इथलं जंगल बऱ्यापैकी तोडून झालं होतं, सगळीकडे शेतं आणि मेंढ्यांची कुरणं. हिमयुगातल्या हिमनदीने आणून टाकलेले दगड दर हिवाळ्यात जमीन गोठली की वर यायचे, ते उचलून बांधावर टाकायचे, त्याचेच गडगे. मग 1825 मध्ये ईरी कॅनॉल, म्हणजे पश्चिमेकडून बोटींनी माल आणणारा कालवा झाला, नंतर रेल्वे आली, पश्चिमेकडचं धान्य स्वस्तात यायला लागलं आणि इथली खडकाळ शेतं लोकांनी सोडून दिली. जंगल परत आलं, गडगे राहिले. हे कळल्यावर चालायची मजाच बदलते. बारीक सरळसोट झाडांच्या गर्दीत एखादंच जाडजूड, अगदी खालपासून आडव्या फांद्या पसरलेलं झाड दिसतं ना, त्याला इथे वुल्फ ट्री म्हणतात, ते कुरणात एकटं वाढलेलं असतं, तेव्हा त्याला पसरायला जागा होती.

आणि प्रायव्हेट जागेची माझी शंका अगदीच चुकीची नव्हती बरं का. त्या ट्रेलचा अर्धा भाग खरंच एका कुटुंबाच्या मालकीचा आहे. त्यांनी कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन नावाचा कागद करून दिलाय, म्हणजे जमीन त्यांचीच, विकूही शकतात, पण तिथे घरं बांधायचा हक्क कायमचा सोडला, पुढच्या मालकालाही तो नाही. लोकांना चालू द्यायचं की नाही तेही त्या कागदात ठरतं, सगळीकडे परवानगी असतेच असं नाही. टाउनच्या मालकीच्या संवर्धनाच्या जमिनीला तर मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे, 1972 पासून कलम 97 नुसार तिचा वापर बदलायचा तर राज्याच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. मला हे सगळं वाचायला कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं, रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले.

चुकायची भीती वाटत असेल तर झाडांवरचे रंगाचे पट्टे बघत जायचं. एकावर एक दोन पट्टे म्हणजे वळण आलं, वरचा ज्या बाजूला सरकवलेला त्या बाजूला वळायचं. आम्ही हे न कळल्यामुळे एकदा तासभर गोल फिरलो. बाकी गोचिडी! पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघा, गोचीड चावून होणारा लाइम रोग हे इथलं रोजचं प्रकरण आहे आणि पिल्लू गोचीड खसखशीएवढी असते.

सगळ्यात भारी ट्रेल कुठला विचाराल तर नकाशावर जो सगळ्यात छोटा आहे तो, पाऊण मैल फक्त. मार्चच्या शेवटी गेलो तर आतून बदकांचा कलकलाट ऐकू यायला लागला, म्हटलं एवढी बदकं कुठून आली, जवळ गेलो तर सगळं चिडीचूप, आणि समोर फक्त एक डबकं. दहा मिनिटं हललो नाही तेव्हा परत सुरू झाले. बेडूक! वुड फ्रॉग. हा प्राणी हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो, हृदय बंद पडतं, आणि वसंतात वितळून सरळ डबक्याकडे निघतो. डबकं उन्हाळ्यात आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, म्हणून अंडी वाचतात. जुलैमध्ये तिथे परत गेलो तर फक्त काळा चिखल होता, शेजारून लोक कुत्री घेऊन जात होते, कोणी बघतही नव्हतं.

तेरा ट्रेल झाले. चौदावा अडलाय, कारण बीव्हरनी, म्हणजे झाडं कुरतडून पाडणाऱ्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्यांनी, ओढ्यावर धरण घालून लाकडी फळ्यांची वाट पाण्याखाली घातलीये. शिकारीमुळे या राज्यातून बीव्हर पार संपले होते, 1928 मध्ये परत दिसले आणि आता आमच्या हायलायटरच्या आड आलेत. गेल्या शनिवारी जाऊन बघितलं, पाणी अजून दोन इंच वर आलंय.