खोडदच्या तबकड्या आणि दोन ताऱ्यांची टक्कर

नारायणगावला मसाला दूध घेऊन आम्ही खोडदचा रस्ता धरला. दुतर्फा टोमॅटो, ऊस, मध्येच द्राक्षांचे मांडव, आणि पिकांच्या वर अचानक पांढऱ्या तबकड्यांच्या कडा दिसायला लागतात. हीच जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी अजस्र दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. 14 इथेच एकमेकींजवळ, उरलेल्या 16 तीन दिशांना गावागावांतून पांगलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर 25 किलोमीटर.

28 फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिन. शाळेच्या पोरांची ही झुंबड! मोबाइल मात्र बंद ठेवायचे. दूरच्या दीर्घिकेपेक्षा आपल्या खिशातला फोन या अँटेनांना कितीतरी मोठ्याने ऐकू जातो.

तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आकाश दिसतं. पत्रा नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. इथे पकडायच्या लहरी वीसेक सेंटिमीटरपासून दोनेक मीटर लांबीच्या, त्यांना ती जाळी भिंतीसारखीच. वारा तेवढा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही करामत जीएमआरटी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. मला तर अख्ख्या खोडदमध्ये ही जाळीच सगळ्यात आवडली.

मी आलो होतो ते 2017 सालच्या दोन ताऱ्यांच्या टक्करीची गोष्ट ऐकायला. 17 ऑगस्टला अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारीक हेलकावे, टिपल्या आणि 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठे तारे फुटल्यावर उरणारे घट्ट गाभे, एकमेकांवर आदळले होते. सूर्यापेक्षा जड, पण रुंदीला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे या अँटेनांच्या पसाऱ्याएवढेच! आणि हा काही रस्त्यावरचा अपघात नव्हे. ताऱ्यांमध्ये अंतरं इतकी प्रचंड की अनोळखी तारे सहसा धडकतच नाहीत. ही जोडी युगानुयुगं एकमेकांभोवती फिरत होती. गुरुत्वलहरींतून ऊर्जा झिरपत गेली, घेर आवळत गेला आणि शेवटी गाठ पडली.

रेडिओ लहरी यायला मात्र दोन आठवड्यांहून जास्त वेळ लागला. उधळलेला माल आजूबाजूच्या विरळ वायूत घुसतो तेव्हा कुठे त्या उमटतात. पुढे काही महिने त्या वाढतच गेल्या. ही वाढ मोजणाऱ्या दुर्बिणींत खोडदची जीएमआरटीही होती.

पोस्टरजवळच्या विद्यार्थ्याने सांगितलं, की अशा टक्करींत सोनं, प्लॅटिनम तयार होतं. मोठ्यातल्या मोठ्या ताऱ्याच्या पोटातली भट्टीही लोखंडापाशी विझते. नातवाचा हात धरून ऐकणाऱ्या एका आजींनी गळ्यातली बोरमाळ चाचपली. "मंग ही बी तिथलीच का रं?"

"तिथली नाही आजी. असल्याच एखाद्या जुन्या टक्करीतली असेल, सूर्य जन्मायच्याही आधीची."

"सोनार तर जुन्नरचा म्हनला व्हता," आजी म्हणाल्या. पोस्टरवाला पोरगा हसून गप्प बसला.

पुढचा बेत औंढा नागनाथचा. हिंगोली जिल्ह्यातल्या या गावाजवळ गुरुत्वलहरी टिपणारी आपली वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. ती सुरू झाली की टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली हे आणखी अचूक सांगता येईल. आज तिथे वेधशाळा म्हणून बघायला काही नाही, पण नागनाथाचं हेमाडपंती देऊळ आहे, तेव्हा घरच्यांना तयार करणं सोपं जाईल.