हे कोणी मोजले?

आमच्या शेजारची मुलगी सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी इंग्लंडला निघाली आहे. तिच्या बॅगेत काय भरायचे याची चर्चा आळीत महिनाभर चालू असून कुळथाचे पीठ, आगळ आणि मेतकूट यांची वजने ग्रॅमपर्यंत ठरली आहेत. अभ्यासाबद्दल मात्र तिला कोणी काही सांगितलेले नाही, कारण ‘हुशार आहे, करेल’ एवढ्यावर तो विषय संपतो. मीही रत्नागिरीहून अशीच हुशार म्हणून गेले होते आणि पहिल्याच निबंधाला मला 100 पैकी 52 गुण मिळाले.

तिथे पदव्युत्तर वर्गात साधारणतः 50 ला उत्तीर्ण आणि 70 च्या पुढे सर्वोच्च श्रेणी धरतात, त्यामुळे ते 52 आपल्याकडच्या 52 इतके वाईट नव्हते. पण हे मला उशिरा कळले. निबंध खारफुटीवर होता, आणि खाडीकाठी वाढलेल्या मुलीला त्यात काय अवघड, अशा तोऱ्यात मी तो लिहिला होता. समासात एकच प्रश्न तीन ठिकाणी लिहिलेला होता: हे कोणी मोजले, आणि तुम्हाला ते पटते का? लेखन वर्णनात्मक आहे, ‘क्रिटिकल’ नाही, असा शेवटी शेरा होता. क्रिटिकल म्हणजे टीका करायची असे समजून मी पुढच्या निबंधात दिसेल त्या संशोधकाच्या चुका काढल्या, आणि तोही फसला.

खरे तर हे कौशल्य मी घरातच पाहिले होते. बंदरावर कोणी ‘बांगडा भरपूर लागला’ म्हटले, की बाबा लगेच विचारतात: किती वाव खोल पाण्यात, कोणत्या जाळ्याला, उधाणाच्या मोठ्या भरतीला की भांगाच्या लहान भरतीला? त्यात समोरच्याला खोटे पाडण्याचा हेतू नसतो. ती माहिती आपल्या होडीच्या कितपत उपयोगाची, एवढेच त्यांना ठरवायचे असते. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नसतील तर जागा, हंगाम आणि मोजण्याची पद्धत यांत फरक कुठे पडला हे शोधून, आपल्या मुद्द्यासाठी कोणता आकडा धरावा हे कारणासह सांगणे, एवढाच ‘क्रिटिकल’ या शब्दाचा अर्थ आहे.

दुसरी चूक अधिक महागात पडली असती. सरांच्या नोट्स शब्दाला शब्द उतरवणे हाच बी.एस्सी.पर्यंत प्रामाणिकपणा होता, त्यामुळे एका शोधनिबंधातली सहा वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी घेऊन परिच्छेदाच्या शेवटी लेखकाचे नाव दिले की झाले, अशी माझी समजूत होती. मला बोलावून समज देण्यात आली. टर्निटिन हे सॉफ्टवेअर जुळणाऱ्या मजकुराची टक्केवारी दाखवते. चोरी झाली की नाही हे माणूसच ठरवतो, आणि त्या दिवशी तो माणूस माझ्या सुदैवाने शांत स्वभावाचा होता.

त्यानंतर मी एक नियम केला. शोधनिबंध वाचायचा, बंद करायचा, आणि त्यातला मुद्दा मराठीत बाबांना व्हॉइस मेसेजवर सांगायचा. इंग्रजीत लिहायचे ते त्यानंतर. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे बाबा पहाटे चारला बंदरावर जाताना तो मेसेज ऐकत आणि त्यांचे उत्तर मला रात्री साडेदहाला मिळे. बहुतेक वेळा ते दोनच शब्दांचे असे: ‘म्हणजे काय?’ जिथे ते अडत, तिथे मलाच समजलेले नसे. मिटलेल्या पुस्तकातून आठवून सांगण्याचा हा उपयोग 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातही दिसला होता: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे. मी तोवर फक्त पिवळ्या रेघा मारत होते.

वेळेचा हिशेब मी शेजारच्या मुलीला कागदावर मांडून दाखवला. इंग्लंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात. माझ्या 20 क्रेडिटांच्या एका विषयाला वर्गातले तास होते 22. उरलेले 178 कुठे जायचे हे कोणीच सांगत नाही. त्यातच सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत नोकरीची मुभा असल्याने ते तास आधी दुकानात जातात. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक शोधनिबंध अथपासून इतिपर्यंत वाचत बसले. पुढे सारांश, आलेख आणि निष्कर्ष पाहून कोणता पूर्ण वाचायचा ते ठरवू लागले.

शिक्षकांच्या भेटीच्या राखीव वेळेत जाणे म्हणजे आपण ढ असल्याची कबुली, असे वाटून मी डिसेंबरपर्यंत गेले नाही. गेले तेव्हा बाहेर रांग होती, आणि रांगेत वर्गातली सर्वांत हुशार मुलगी उभी होती.

परवा मी शेजारच्या त्या मुलीला दोन पानांचा एक लेख दिला आणि तो तिच्या आजीला मराठीत सांगायला बसवले. ‘सेडिमेंट’ शब्दावर ती थांबली, मग ‘गाळ’ म्हणाली. आजीने सोललेला लसूण बाजूला ठेवून विचारले, ‘कुठला गो? खाडीतलो की डोंगरावरसून येता तो?’ ती काही न बोलता लेख उचलून पहिल्या पानावर परत गेली.